नर्स झालेलीच पाहिजे

शिवकन्या आणि ऐश्वर्या नर्सिंगची परीक्षा पास झाल्या तेव्हा दोघींना वाटलं होतं, आता कोणता दवाखाना धरायचा एवढंच ठरवायचं राहिलं.

शिवकन्या पुसेगावची. बाप संतराम, थोडी शेती, सोयाबीन आणि हळद. ऐश्वर्याच्या बापाचं, रत्नपालचं, वारंगा फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान. हिंगोलीच्या हॉस्टेलात दोघी एकाच खोलीत राहिल्या. एकमेकींच्या हातावर शीर शोधायला शिकल्या, परीक्षेच्या आधी एकमेकींना धपाटे घालून जागं ठेवलं. रजिस्ट्रेशनचं कार्ड आलं तशा दोघी कडक इस्त्रीचे कपडे घालून हिंगोलीतले दवाखाने पालथे घालायला निघाल्या.

पहिल्याच दवाखान्यात टेबलामागच्या थोराड सिस्टरनं विचारलं, "अनुभव किती?"

"आत्ताच पास झालो, मॅडम," शिवकन्या म्हणाली. "पण ट्रेनिंगमधे सगळ्या वॉर्डात ड्युटी केली. डिलिव्हरी, आयसीयू…"

"ते शिकणं झालं. नोकरी कुठं केली?"

"न्हाई अजून."

"मग अनुभव घेऊन या."

ऐश्वर्या गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "मॅडम, कुणी ठेवून घेतल्याबिगर अनुभव येईल कुठून? बाजारात मिळून राहिला का तो?"

सिस्टर रागावली नाही. तिनं दोघींना बाकावर बसवलं, प्यायला पाणी दिलं. आतून एक कोवळी पोरगी हातात सलाईनची बाटली घेऊन लगबगीनं गेली. तिच्याकडं बोट करून सिस्टर हळूच म्हणाली, "ती बारावी नापास आहे. मीच शिकवलं. सुई टोचती, फरशी पुसती, पावत्या बी फाडती. आमच्या डॉक्टरसाहेबांना तुमचं कार्ड घेऊन काय करायचं? बायांनो, मोठ्या शहरात जा. इथं दारोदार फिरून चपला झिजवू नका."

तरी त्या फिरल्या. कुठं फोन नंबर लिहून घेतला, कुठं डॉक्टर भेटलेच नाहीत. एका प्रसूतिगृहात "बघू काम" म्हणून दोघींना ठेवून घेतलं. आठवडाभर त्यांनी पेशंटची नावं पुकारली आणि बाळंतिणींच्या नातेवाइकांना चपला बाहेर काढायला लावल्या. मग मालकिणीची पुतणी येणार म्हणून दोघींना निरोप मिळाला. त्या आठवड्यात एकाही पेशंटला हात लावायला मिळाला नव्हता, याचंच शिवकन्याला जास्त वाईट वाटलं.

पावसाळा सरता सरता नांदेडच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी भरतीसाठी थेट मुलाखती निघाल्या. शिवकन्यासोबत संतराम गेला, ऐश्वर्यासोबत रत्नपाल. पोचले तर फाटकाबाहेर पोरींचा बाजार भरलेला. परभणीच्या, वाशिमच्या, पार बीडकडच्या पोरी. कुणाच्या कडेवर लेकरू. एकीचं पोट इतकं वर आलेलं, की तिला रांगेत उभं राहवत नव्हतं. बाकीच्या तिची जागा धरत होत्या आणि ती पायरीवर बसून होती.

बाप लोक समोरच्या लिंबाखाली बसले. रत्नपालनं "जयभीम" घातला, संतराम "रामराम" म्हणाला. दोघांनी एकमेकांना तंबाखू दिली.

"तुमची पण नर्सच का?" संतरामनं विचारलं, जणू त्याला माहीतच नव्हतं.

"व्हय. तुमच्याच पोरीसंगं ऱ्हायली की हॉस्टेलात."

"हां, हां. ऐश्वर्या. आमची लई नाव काढती तिचं." संतरामनं रांगेकडं बघितलं. मग म्हणाला, "एवढ्या पोरी शिकल्या तर बरंच झालं म्हणायचं. पण एवढ्यांना दवाखाने कुठून आणतील?"

 दुपारी रत्नपालनं डबा सोडला. पद्माबाईनं, ऐश्वर्याच्या आईनं, धपाटे आणि ठेचा बांधून दिला होता. संतराम एक क्षण घुटमळला, मग त्यानं आपली भाकरी त्यातच ठेवली आणि दोघं एकाच फडक्यावरून जेवले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एक माणूस बाहेर आला आणि फाटकाला कागद चिकटवून आत गेला. भरती पुढे ढकलली होती. कधीपर्यंत, ते लिहिलं नव्हतं. पोरींचा एकदम गलका झाला आणि तसाच विरूनही गेला. पोट आलेली पोरगी पायरीवरून उठली, साडी नीट केली आणि नवऱ्याला फोन लावत रस्त्याकडं चालू लागली.

 परतताना एसटीतून हिंगोली जवळ आली तेव्हा संतराम म्हणाला, "भूक लागली असंल तर स्टँडवर वडापाव घे."

"न्हाई बाबा."

"घे. सकाळपसून उपाशी हायेस." आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी दिवस जड जायला लागले. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विचारणा. "काय बाई, लागली का नोकरी?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसायचं, पण शिवकन्या दुकानात जायची बंद झाली. आई, सुमनबाई, आधी भांडायची गावकऱ्यांशी. मग तीही गप्प झाली. सकाळी उठून शिवकन्या शेतात जायची, हळदीतलं तण काढायची. हातांना घट्टे पडायला लागले तसं तिला भलतंच भय वाटायला लागलं. या बोटांना आता नाडी लागेल का? मग ती आईचा हात धरून बसायची आणि सुमनबाई म्हणायची, "मला काय झालंय बाई? सोड, सैपाक पडलाय."

ऐश्वर्यानं संभाजीनगरला जायचं ठरवलं. तिची मावशी तिथं राहत होती.

"शिवे, तू बी चल. दोघींना एक खोली पुरंल," ती फोनवर म्हणाली. "काही काम मिळंस्तोवर मावशीकडं जेवू."

शिवकन्यानं घरी विचारलं. संतराम आढ्याकडं बघत बसला. सुमनबाईच बोलली. "ठरलेली नोकरी असती तर मी सोता पोचवून आले असते. पण नुसतं शोधायला एवढ्या दूर? लग्नाची पोर. लोक काय म्हणतील, आन् तू काय खाशील?"

"आई, बसून काय करू इथं?"

"बसून कुठं हाईस? बघू की. मामानं स्थळं बघायला घेतली."

ऐश्वर्या गेली. जाताना पुसेगावला मुद्दाम उतरली, शिवकन्याला फाट्यावर भेटली. दोघी हसल्या, फोटो काढला. बस निघाल्यावर शिवकन्या तिथंच कट्ट्यावर बसून राहिली.

मामा, विश्वंभर, स्थळ घेऊन आला ते सिद्धेश्वरचं. मुलगा बालाजी. धरणाच्या कालव्याखाली जमीन, शिवाय मासे नांदेडला पोचवायला छोटा टेम्पो. वडील नाहीत, बहिणीचं लग्न झालेलं, घरात आई आणि तो.

"आन् विशेष म्हंजे," मामा मांडी ठोकून म्हणाला, "त्यांना नर्स झालेलीच पोरगी पाहिजे. दुसरं स्थळ बघायलाच तयार न्हाईत. आपल्या पोरीच्या शिक्षणाची किंमत हाय त्या घरात."

सुमनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्या शिक्षणाबद्दल चांगलं बोललं होतं.

बघायला बालाजी आला, त्याची बहीण आणि मेहुणा आले. आई आली नाही. "तब्येत बराबर न्हाई जरा," बहीण म्हणाली. मुलाला आणि मुलीला अंगणात बोलायला पाठवलं तेव्हा शिवकन्यानं सरळ विचारलं, "मला नोकरी करू देताल का?"

"करा की," बालाजी म्हणाला. तो खाली बघून बोलत होता. "औंढ्याला दवाखाने हायेत, हिंगोली हाय. मी सोता सोडत जाईन."

"तुमच्या आईला काय होतंय?"

"लकवा मारून गेला थोडा. आता बरं होऊन राहिलं."

तिला मुलगा बरा वाटला. बोलताना त्याचा आवाज चढत नव्हता. तिनं हो म्हटलं.

लग्नाला सासू मांडवात आली नाही. शिवकन्या सिद्धेश्वरच्या घरात शिरली, पूजा झाली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी नणंद सासरी निघाली. जाताना शिवकन्याच्या गळ्यात पडली आणि इतकी रडली, की शिवकन्याला नवल वाटलं. सासर तर आपलं सुरू होतंय, ही का रडते?

मग ती आतल्या खोलीच्या दारात गेली आणि उंबऱ्यातच थांबली. तिला वासावरूनच कळलं.

बाजेवर रुक्माबाई पडलेल्या होत्या. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं, डोळे मात्र टक्क उघडे. शिवकन्यानं पदर खोचला, "आत्याबाई, मी तुमची सून. जरा कुशीवर घेते," असं म्हणून त्यांना वळवलं. कमरेखाली मांस सडून खड्डा पडला होता. फडकं जखमेला चिकटलं होतं. रुक्माबाईंनी डोळे मिटून घेतले. दुखत होतं म्हणून नव्हे. नव्या सुनेनं हे पाहिलं म्हणून.

बालाजी दारात उभा होता. "मीच करत होतो," तो म्हणाला. "ताई येऊन जाऊन ऱ्हायची. मला जमलं न्हाई. म्हणून मंग…"

  म्हणूनच नर्स झालेलीच पाहिजे होती.

शिवकन्या त्याच्याकडं बघत राहिली. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. पण हाताखाली त्या माउलीचं अंग तापानं चटके देत होतं. ती म्हणाली, "पाणी उकळून आणा. मीठ आणा. आन् टेम्पो काढा. ह्यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरला दाखवायचं."

औंढ्याच्या डॉक्टरांनी सडलेलं मांस कापून काढलं, औषधं लिहून दिली. "रोज ड्रेसिंग लागेल. कोण करणार?" त्यांनी विचारलं.

"मी करते," शिवकन्या म्हणाली.

परतताना टेम्पोच्या हौद्यात सासूचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. हाताला सगळं आठवत होतं. ग्लोव्ह कसे चढवायचे, जखम आतून बाहेर कशी पुसायची. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या बोटांना ओळखीचं काम मिळालं होतं आणि त्याचा तिला आनंद झाला होता. त्या आनंदाचीच तिला लाज वाटली.

बालाजीशी ती बरेच दिवस बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर?"

"तर तू आली असतीस का?"

"काय माहीत. पण विचारायचं तरी होतं."

 दुसऱ्याच दिवशी बालाजी नांदेडहून हवेची गादी घेऊन आला, आणि रात्रीच्या वेळी आईला कूस बदलून द्यायला तो स्वतः उठायला लागला.

जखम सावकाश भरत गेली. खालून लाल, कोवळं मांस वर येताना पाहून शिवकन्या रुक्माबाईंना सांगायची, "आत्याबाई, आज अजून थोडी भरली." रुक्माबाईंची वाचा गेलेली, चारदोन शब्द तेवढे यायचे, तेही मोडके. तरी दोघींचं बोलणं चालायचं. शिवकन्या हॉस्टेलच्या गोष्टी सांगायची, रुक्माबाई डाव्या हातानं तिच्या बांगड्या फिरवत ऐकायच्या. वेणी घालून दिली की आरसा मागायच्या. उन्हं कलली की बाज अंगणात, शेवग्याखाली घ्यायला लावायच्या. आयाबाया येऊन बसायच्या, म्हणायच्या, "रुक्मे, नशीब काढलंस बाई. असली सून कुणाला मिळती?" तेव्हा रुक्माबाई तोंड फिरवायच्या. शिवकन्याला आधी वाटायचं, त्यांना कौतुक आवडत नाही.

वर्ष होत आलं आणि एव्हाना संभाजीनगरच्या एका दवाखान्यात लागलेल्या ऐश्वर्याचा फोन आला. आवाजात नुसता दंगा.

"शिवे, ऐक! आमच्या दवाखान्यात नवा मजला सुरू होतोय. नवीन पोरी बी घेणार हायेत. अनुभव नसला तरी. मी इनचार्ज मॅडमला तुझं नाव सांगून ठेवलंय. सोमवारी ये. येतीस ना?"

शिवकन्या फोन हातात धरून गोठ्यामागं जाऊन उभी राहिली. तिनं दोनदा विचारलं, अनुभव नसला तरी चालतो का.

संध्याकाळी तिनं बालाजीला सांगितलं. तो जाळं उलगडत बसला होता. हात थांबले.

"आईचं कोण करील?"

"तुमी म्हणले होते करू देऊ."

"न्हाई कुठं म्हणतो? आई जरा बरी झाली की…"

"त्या बऱ्या होणार न्हाईत," शिवकन्या म्हणाली. "मला म्हाईत हाय आन् तुमाला बी."

"मंग सांग तूच. बाई ठेवून बघितली, ती चौथ्या दिवशी पळाली. मी केलं, तर तिच्या पाठीचं काय झालं ते तू बघितलंस." त्याचा आवाज फाटला. "मी काय करू ते तरी सांग."

 तिनं बापाला फोन केला. संतराम दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. चहा घेतला, आतल्या खोलीत गेला, विहीणबाईंना हात जोडले. स्वच्छ चादर, विंचरलेले केस, उशाशी झाकून ठेवलेलं पाणी. तो बघतच राहिला. बाहेर येऊन पोरीला म्हणाला, "तुला घ्यायलाच आलो होतो. तसं सुमनला सांगूनच निघालो. पण आता तोंड उघडना माझं. अंथरुणावरच्या ह्या माणसाला टाकून चल, असं कसं म्हणू?"

"म्हणा ना बाबा," शिवकन्या रडत म्हणाली. "कुणीतरी म्हणा."

दाराआड बाज होती. रुक्माबाईंना सगळं ऐकू गेलं.

त्या दुपारी त्यांनी जेवायला तोंड उघडलं नाही. शिवकन्यानं मऊ भात कालवून आणला, चमचा ओठांशी नेला, त्यांनी दात घट्ट मिटले. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा घेईनात. बालाजी घाबरला, "दवाखान्यात नेऊ का" म्हणायला लागला. शिवकन्यानं ताप बघितला, घसा बघितला. आजार नव्हता. मग तिला उमगलं. तिनं बालाजीला बाहेर जायला सांगितलं आणि बाजेच्या कडेला बसली.

"आत्याबाई, मी जावं म्हणून उपाशी मरून राहिल्या का तुमी?"

रुक्माबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. तोंड वेडंवाकडं करत त्यांनी जोर लावला. "जा," त्या म्हणाल्या. बराच वेळ धापा टाकून पुन्हा, "जा… पोरी."

"अशी न्हाई जाणार मी," शिवकन्या म्हणाली. "तुमाला मारून नोकरी करू का? तोंड उघडा."

त्यांनी मान हलवली.

"उघडा म्हणते ना!" ती ओरडली. वाटी खाली ठेवली, सासूच्या छातीवर डोकं टेकलं आणि हमसून रडली. रुक्माबाईंचा चालणारा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. मग कधीतरी शिवकन्यानं चेहरा पुसला, पुन्हा भात कालवला. या वेळी रुक्माबाईंनी तोंड उघडलं. एकेक घास गिळताना दोघी एकमेकींकडं बघत होत्या.

सोमवारी शिवकन्या गेली नाही. ऐश्वर्या फोनवर आधी खूप बोलली. बालाजीला, मामाला, सगळ्या जगाला शिव्या घातल्या. "फुकटची नर्स पाहिजे होती त्यांना! तू कळून सवरून बसलीस!" शिवकन्या ऐकत राहिली. शेवटी ऐश्वर्याच रडायला लागली. म्हणाली, "तुझ्याबिगर इथं करमत न्हाई गं."

त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या. रुक्माबाई गेल्या त्या थंडीत, दुपारी, अंगणातल्या उन्हात. छातीत कफ झाला होता, औषधं चालू होती. शिवकन्या त्यांना पाणी पाजत होती, घोट ओठांतून बाहेर आला. तिनं मानेवर बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, मग बालाजीला हाक मारली. अंघोळ घालताना बायका एकमेकींना खुणावून दाखवत होत्या. एवढी वर्षं अंथरुणात काढली, पण पाठीवर एक उघडी जखम नाही. शिवकन्या सगळं शांतपणे करत होती. नणंद आक्रोश करत आली, तिलाही तिनंच सावरलं. स्वतः रडली नाही. लोकांना ते जरा खटकलं. "शेवटी परक्याची लेक," कुणीतरी बोललंही.

बाराव्यानंतर बालाजी म्हणाला, "तुझी कागदं काढ. उद्या हिंगोलीला जाऊ."

त्यानं शब्द पाळला. टेम्पो उभा करून तिला मोटारसायकलवर घेऊन तो दवाखान्या-दवाखान्यांत गेला. एका नव्या, मोठ्या दवाखान्यात मुलाखत झाली. कागद बघून मॅनेजरनं विचारलं, "पास होऊन इतके दिवस झाले. मधे कुठं काम केलं?"

"घरीच होते, सर."

"एकदम घरी? मग हाताची सवय मोडली असेल की. आता नवीन बॅचच्या मुली येतायत."

"सर, घरी पेशंट होत्या. लकव्याच्या. बेडसोर होता, तो…"

"हो, हो. घरच्या माणसाचं सगळेच करतात," तो समजूतदारपणे म्हणाला. "पण ते धरता येत नाही ना आम्हाला. सर्टिफिकेट लागतं."

बालाजी तिच्या मागं उभा होता. तो एकदम पुढं झाला. "साहेब, माझी आई होती ती. मी लिहून देतो. काय लिहायचं सांगा, मी सही करतो."

मॅनेजरला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. शिवकन्यानं कागद गोळा केले आणि नवऱ्याच्या दंडाला धरून बाहेर आली. जिन्यात बालाजी पायरीवर बसला. येणारे जाणारे वळून बघत होते. "मी खाल्लं तुझं सगळं," तो म्हणाला. ती उभीच राहिली. त्याची समजूत घालायची ताकद तिच्यात नव्हती आणि तो म्हणत होता ते खोटंही नव्हतं. जरा वेळानं ती म्हणाली, "उठा. लोक बघून राहिलेत."

नोकरी शेवटी ऐश्वर्यामुळेच लागली, संभाजीनगरला. नवीन मुलींसारखीच शिकाऊ म्हणून, अकरा महिन्यांच्या करारावर. बालाजी तिला औंढ्याच्या स्टँडवर सोडायला आला. बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा होता. जमीन आणि टेम्पो सोडून त्याला येता येण्यासारखं नव्हतं. पुढचं पुढं बघू, असं दोघं म्हणाले. पुढचं काय, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. संतरामला तिनं बसमधूनच फोन केला.

"कायमची हाय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई बाबा. करारावरची."

"असू दे," तो म्हणाला. फोन ठेवायचं तो विसरला. पलीकडून हळदीच्या रानातला वारा ऐकू येत होता.

तिच्यासोबत रुजू झालेल्या पोरी तिच्याहून लहान, खिदळणाऱ्या. त्या तिला पहिल्याच दिवशी ताई म्हणायला लागल्या. इनचार्जनं सगळ्यांना एका खाटेभोवती उभं केलं आणि पडून असलेल्या पेशंटची कूस कशी बदलायची, ते दाखवलं. शिवकन्या मागच्या रांगेत उभी राहिली. सांगितलं तसं केलं, विचारलं तेव्हा मान डोलावली.

दुपारी ऐश्वर्या जेवायला बोलवायला आली, तर शिवकन्या कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी कपाटाला कपाळ टेकवून उभी होती. अंग गदगदत होतं.

"काय झालं? कुणी काही बोललं का?"

तिनं मान हलवली. ऐश्वर्यानं तिला वळवून जवळ घेतलं.

"ऐशू," ती कशीबशी म्हणाली, "आत्याबाई मेल्या गं."

"व्हय," ऐश्वर्या म्हणाली. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाहेर कुणीतरी जेवणाचे डबे उघडत होतं.